बैठका बंद करा

सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टरनं ऑक्टोबर २०२५ मध्ये हॉटेलच्या खोलीत जीव दिला. तळहातावर तिनं दोन नावं लिहून ठेवली होती. त्यातलं एक पोलीस उपनिरीक्षकाचं होतं आणि त्याच्यावर तिनं बलात्काराचा आरोप केला होता. पुढचं सगळं महाराष्ट्रानं पाहिलं. मोर्चे निघाले, मेणबत्त्या लागल्या, फाशीच्या घोषणा झाल्या, पुढाऱ्यांच्या गाड्या येऊन गेल्या, विशेष तपास पथक नेमलं गेलं, दोघांना अटक झाली. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवेल. मी इथं त्याचा निकाल द्यायला बसलेली नाही.

मला त्याच वर्षीच्या जूनबद्दल बोलायचं आहे. जूनमध्ये या मुलीनं वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार दिली होती. आरोपींच्या वैद्यकीय तपासणीचा अहवाल हवा तसा मिळावा म्हणून पोलीस आपल्यावर दबाव आणतात, असं तिचं म्हणणं होतं. तक्रार लेखी होती, नावानिशी होती, सरकारी डॉक्टरची होती. तरी तिच्या जिवाला आधार वाटेल असं काहीही घडलं नाही. उलट पोलिसांनीच तिच्याविरुद्ध तक्रार केली आणि खुलासे देत बसायची वेळ तिच्यावर आली. जून ते ऑक्टोबर, चार महिने ती जिवंत होती, कामावर येत होती, बोलत होती. त्या चार महिन्यांत तिच्यासाठी रस्त्यावर कोण उतरलं?

ती गेल्यावर मात्र तिच्याविषयी बोलायला सगळ्यांना कंठ फुटला. राज्य महिला आयोगाच्या अध्यक्षांनी फलटणला येऊन, ती कोणाच्या संपर्कात होती आणि कधी होती, याचे तपशील पत्रकारांपुढे मांडले. जिच्या बाजूनं उभं राहायचं त्या बाईचंच वर्तन चव्हाट्यावर आणायचं, आणि ते काम महिला आयोगाच्या खुर्चीनं करायचं! पीडितेची ओळख उघड करू नये असं कायदा सांगतो. भारतीय न्याय संहितेचं ७२ वं कलम त्यासाठीच आहे. तरी तिचं नाव, फोटो, गाव, घरचे लोक, सगळं आठवडाभर पडद्यावर फिरत राहिलं. मी ते नाव लिहिणार नाही.

साताऱ्यात आणि सांगलीत आपल्याला दोनच गोष्टी येतात. बाई किंवा मूल जिवंत असेपर्यंत बैठक, आणि मेल्यावर मोर्चा. या दोन्हींच्या मध्ये जे करायचं असतं, तक्रार आली त्या दिवशी, त्या तासाला, ते करायची आपली तयारी नसते.

बैठक कशी असते हे इथल्या कोणाला सांगायला नको. ती चेअरमनच्या बंगल्यावर बसते, पतसंस्थेच्या मागच्या खोलीत बसते, शाळेतलं प्रकरण असेल तर मुख्याध्यापकांच्या खोलीत दार लावून बसते. सरपंचबाईंचा नवरा असतो, पोलीस पाटील असतो, सोसायटीचे दोन संचालक असतात, मुलीचा मामा आणि आरोपीचा चुलता असतो. मुलगी नसते. तिची आई असलीच तर उंबऱ्याशी, डोक्यावर पदर घेऊन. चहा येतो. मग तीच वाक्यं निघतात. पोरीचं अजून लग्न व्हायचंय. त्याच्याही बायकापोरांचा विचार करा. माणूस म्हटलं की चूक होते. पोलिसांत गेलात तर कोर्टाच्या पायऱ्या झिजवाल, गाव तुमच्यामागं येणार नाही. आणि सगळ्यात शेवटी, जरा आवाज खाली आणून: ती तिकडं गेलीच कशाला?

पत्रकारितेच्या निमित्तानं अशा बैठकांच्या कडेला मी बसले आहे. एका गावातली गोष्ट सांगते, गाव सांगत नाही, कारण मूल ओळखू येईल. शिक्षकानं पाचवीतल्या मुलीशी घाणेरडे चाळे केले होते. तासभर बोलणं झालं. त्या तासात शाळेची बदनामी हा विषय किती वेळा आला ते मोजायचं मी सोडून दिलं. मुलगी आता कशी आहे, जेवते का, झोपते का, हे एकानंही विचारलं नाही. शिक्षकानं माफीनामा लिहिला, दुसरीकडे बदली मागून घेतली आणि नव्या गावातल्या नव्या वर्गात जाऊन उभा राहिला. तिथल्या आईबापांना कोणी काही सांगितलं नाही. मुलीची शाळा सुटली. तीन-चार वर्षांत तिचं लग्न लागलं, अठराच्या कितीतरी आधी. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाला शासनानं नेमलेलं आहे. त्या लग्नाला ग्रामसेवक जेवायला होता.

हे मिटणं नसतं. एका मुलाचं आयुष्य खर्ची घालून एका पुरुषाची अब्रू वाचवलेली असते, आणि पुढचं मूल त्याच्या हाती सोपवलेलं असतं.

याच मातीत १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, लोकांच्या तोंडचं पत्री सरकार, चाललं. तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हता, त्यातला बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता. पत्री सरकारच्या नावानं आजही इथले पुढारी छाती फुगवतात. त्या प्रतिसरकारची न्यायदान मंडळं होती. इंग्रजांच्या कोर्टाला डावलून ती गावागावांत बसत, आणि त्यांच्यापुढे सावकार येत, दरोडेखोर येत, बायकांच्या अंगावर हात टाकणारे गावगुंड येत. निवाडा सगळ्यांसमोर होई. पत्री मारण्याची शिक्षा मला परत नको आहे. आता आपलं स्वतःचं राज्य आहे, घटना आहे, न्यायालयं आहेत. पण त्या मंडळांमध्ये बळजोर माणूस आरोपी म्हणून उभा असायचा आणि नाडलेला फिर्यादी असायचा, एवढं तरी आपण लक्षात ठेवायला हवं होतं. आजच्या बैठकीत बळजोर माणूस खुर्चीवर असतो. ज्यांच्या आजोबांनी न्यायदान मंडळात काम केलं त्यांची नातवंडं आज माफीनाम्याचे मसुदे लिहून देतात, आणि क्रांतिदिनाला हुतात्मा स्मारकावर हार घालायला पुढे असतात.

तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, १५ ऑगस्ट २००७ पासून, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाची भांडणं, भाऊबंदकी, सामाईक विहिरीवरचे वाद कोर्टात वर्षानुवर्षं कुजू नयेत, गावातच सुटावेत, हा आर. आर. आबांचा हेतू चांगला होता. पुष्कळ गावांत त्याचा फायदाही झाला. बलात्कार, लहान मुलांवरचे अत्याचार असे गुन्हे त्या समितीच्या कक्षेत कधीच नव्हते, कारण तडजोड करता येत नाही अशा गुन्ह्यांना तिथं जागाच नव्हती. पण लोकांनी त्यातून उचललं ते वेगळंच. ज्या गावात गुन्हा नोंदला जात नाही ते गाव चांगलं, अशी समजूत घट्ट झाली. कमानीवर ‘तंटामुक्त’ असं रंगवलेल्या गावात नवऱ्याच्या मारानं हात मोडलेली बाई दवाखान्यात ‘पाय घसरून पडले’ असं सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या साधारण चारातल्या एका बाईनं नवऱ्याची मारहाण किंवा अत्याचार सोसल्याचं सांगितलं. देशभरात असा छळ सोसलेल्या बायकांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त जणींनी मदत तर मागितली नाहीच, कोणाला सांगितलंही नाही. तुमच्या कमानीमागचा आकडा हा आहे.

वाळवा तालुक्यातल्या कुरळपच्या आश्रमशाळेचं प्रकरण २०१८ च्या सप्टेंबरात बाहेर आलं. गरिबाघरच्या मुली तिथं राहून शिकत होत्या. त्यांच्यावर संस्थेचा संस्थापकच अत्याचार करत होता. ते उघडकीला आणलं एका निनावी पत्रानं. ते पोलिसांकडे पोचलं म्हणून अटक झाली, आणि पुढे इस्लामपूरच्या न्यायालयानं त्याला जन्मठेप सुनावली. शिक्षा झाली याचं समाधान आहेच. पण शाळा म्हटली की शिक्षक असतात, अधीक्षक असतो, तपासणीला येणारे अधिकारी असतात, आसपास गाव असतं. या सगळ्या पगारी, शिकल्यासवरल्या मोठ्या माणसांच्या गराड्यात सत्य बाहेर काढायला नाव नसलेलं एक पत्र लागलं. नाव घालायची भीती वाटावी असं वातावरण त्या मुलींभोवती कोणी तयार केलं होतं?

वाईजवळच्या धोमचं प्रकरण लोक चवीनं सांगतात, त्यावर मालिका झाली. २००३ ते २०१६ या तेरा वर्षांत सहा माणसं मारली गेली, त्यांतल्या पाच बायका होत्या. गावात डॉक्टर म्हणून वावरणारा एक माणूस या सगळ्यामागे असल्याचं पोलिसांनी सांगितलं, त्याची कबुलीही सांगितली. लोकांना त्यातला थरार आठवतो. मला त्या बायकांच्या हरवल्याच्या तक्रारी आठवतात. बाई हरवली की इथं पहिला प्रश्न असतो तो कोणाबरोबर गेली हा. म्हैस हरवली तरी माणसं रानोमाळ हिंडतात. २०१६ मध्ये जी बाई बेपत्ता झाली ती अंगणवाडी सेविकांच्या संघटनेची पदाधिकारी होती, तिचा पाठपुरावा झाला, आणि माती उकरली तेव्हा आधीच्याही सापडल्या. आधीच्या बायकांच्या वेळी तेवढीच चौकशी झाली असती, तर पुढच्या जिवंत असत्या.

आणि मिरज तालुक्यातलं म्हैसाळ. ५ मार्च २०१७, महिला दिनाला तीन दिवस उरले होते. ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण पोलिसांनी बाहेर काढले. एक विवाहित तरुणी गर्भपातात दगावली म्हणून तो शोध सुरू झाला होता. तिला आधीच्या मुली होत्या. होमिओपॅथीचा डॉक्टर तिथं हा धंदा चालवत होता, आणि बायकांना तिथं आणून सोडणारे त्यांचे घरचेच होते. २०११ च्या जनगणनेत सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे नऊशेपेक्षाही कमी मुली होत्या. उसानं, द्राक्षानं, दुधानं सुखी झालेले हे जिल्हे. बागाईत वाढलं आणि मुली कमी झाल्या. ज्या घरात मुलगी जन्मायच्या आधीच नकोशी, त्या घरात तिच्यावर अत्याचार झाला तर ते तिच्यासाठी पोलीस ठाण्याची पायरी चढतील, अशी अपेक्षा कोणत्या तोंडानं करायची?

सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात आहे. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. गावानं टाकलेल्या गरोदर बाईला त्यांनी स्वतःच्या घरात जागा दिली, तिला ‘तिकडं गेलीस कशाला’ असं विचारलं नाही. दर ३ जानेवारीला नायगावला मंत्र्यांची रीघ लागते. भाषणं करणाऱ्यांतल्या किती जणांनी आपल्या मतदारसंघातल्या एका तरी पीडित मुलीच्या आईला पोलीस ठाण्यापर्यंत सोबत केली, ते त्यांनी पुढच्या ३ जानेवारीला व्यासपीठावरून सांगावं.

काम करणारी माणसंही इथलीच आहेत, आणि ती थोडी नाहीत. बेचाळीसच्या चळवळीत उतरलेल्या, प्रतिसरकारच्या काळात भूमिगतांबरोबर राहिलेल्या कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी पुढे परित्यक्ता बायकांची चळवळ बांधली. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला स्वतःच्या नावाचं रेशन कार्ड हवं, राहायला जागा हवी, अशी मागणी सांगली-साताऱ्याच्या खेड्यांतल्या बायकांनी ऐंशीच्या दशकात रस्त्यावर येऊन केली. साताऱ्याच्या ॲड. वर्षा देशपांडे यांनी दलित महिला विकास मंडळ आणि लेक लाडकी अभियानातून गर्भलिंग तपासणाऱ्या डॉक्टरांना बनावट गिऱ्हाईक पाठवून रंगेहाथ पकडून दिलं, खटले चालवले, धमक्या सोसल्या. २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार त्यांना मिळाला. सत्कार करायला आता सगळे येतात. छापे पडत होते तेव्हा याच जिल्ह्यांतले प्रतिष्ठित लोक त्यांना ‘डॉक्टरांच्या मागं लागलेली बाई’ म्हणत होते.

सांगलीत मीना शेषू यांच्या संग्राम संस्थेच्या कामातून १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. ज्या बायकांच्या वस्तीकडे शहर तोंड वेडावून बघतं, त्यांनी स्वतःची संघटना केली. गुंडानं मारलं, पोलिसानं छळलं, तर एकीसाठी दहा जणी ठाण्यात जाऊन उभ्या राहतात. आमच्या घरंदाज गल्ल्यांत एकीसाठी दुसरी खिडकीसुद्धा उघडत नाही. अब्रू कोणाला आहे आणि कोणाला नाही, हे मग ज्यानं त्यानं ठरवावं.

उसाच्या हंगामात बीडकडून येणाऱ्या तोडकऱ्यांच्या मुलींची तर बैठकही बसत नाही. आईबाप पहाटे फडात जातात, वयात आलेली पोर कोपीत एकटी राहते, आणि काही झालं तर मुकादम ठरवेल ते खरं. या भीतीनंच तिचं लग्न चौदाव्या-पंधराव्या वर्षी लावून मोकळे होतात. साखर कारखाने आपल्या जिल्ह्यांचा मानबिंदू आहेत. त्या मानबिंदूच्या कुंपणाबाहेर ही पोर राहते, आणि तिची जबाबदारी कारखान्याच्या कोणत्याही खात्यावर नाही.

बैठकीचे पाठीराखे दोन मुद्दे हमखास काढतात. पहिला, खोट्या तक्रारी होतात. होत असतील. खरंखोटं तपासात कळतं, जबाबात कळतं, वैद्यकीय पुराव्यात कळतं. बैठक खरंखोटं तपासतच नाही, तिथं कोणाचं वजन किती एवढंच तपासलं जातं. दुसरा मुद्दा जास्त जड आहे. पोलीस ठाण्यात तरी कुठं न्याय मिळतो? फलटणच्या तळहातावर तर पोलिसाचंच नाव होतं. हा प्रश्न विचारणाऱ्या आईला मी दोष देणार नाही. जिची मजुरी चेअरमनच्या रानात आहे, जिचं घर गायरानात आहे, तिनं एकटीनं लढावं असं मी कोणत्या अधिकारानं सांगू? माझा राग तिच्यावर नाही. तो पगार घेणाऱ्यांवर आहे. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, ग्रामसेवक, डॉक्टर, ठाणे अंमलदार, पोलीस पाटील. यांना कायद्यानं पर्याय ठेवलेलाच नाही.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा २०१२ चा पोक्सो कायदा आहे. त्याच्या १९ व्या कलमानुसार असा गुन्हा घडल्याचं, किंवा घडण्याची शक्यता असल्याचं, ज्याला समजलं त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. कळवलं नाही तर २१ व्या कलमानुसार सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर वर्षापर्यंत. म्हणजे शाळेची बदनामी नको म्हणून दार लावून बसलेला मुख्याध्यापक स्वतः गुन्हेगार असतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा, अंगावर वर्दी नको, आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. ठाण्याची हद्द कोणतीही असो, गुन्हा नोंदवून घ्यावाच लागतो. बलात्कारासारख्या गुन्ह्याची फिर्याद नोंदवायला नकार देणाऱ्या पोलिसाला किमान सहा महिने सक्तमजुरीची तरतूद आहे. शिक्षकानं विद्यार्थिनीवर केलेल्या अत्याचाराचा खटला ‘आमची तडजोड झाली’ म्हणून गुंडाळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं राजस्थानातल्या प्रकरणात नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट बजावलं आहे. तिथंही आधी आपसात मिटवलेलंच होतं.

फाशीच्या घोषणांनी यातलं काही होत नाही. बायका-मुलांवरच्या अत्याचारांविरुद्धचं शक्ती विधेयक २०२१ च्या डिसेंबरात विधिमंडळानं गाजावाजात मंजूर केलं, त्यात मृत्युदंड होता, आणि ते राष्ट्रपतींच्या संमतीअभावी कधी कायदा झालंच नाही. पण हातात असलेला कायदा वापरायला कोणाची संमती लागत नाही. बलात्काराच्या दहातल्या नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीतलाच असतो, हे सरकारी आकडेवारी दरवर्षी सांगते. चुलता, शेजारी, शिक्षक, मालक. परक्याला फाशी मागायला गाव एका सुरात ओरडतं, आणि चुलत्याचं नाव आलं की चहा मांडतं.

मला गावांकडून एक ठराव हवा आहे. सांगलीच्या शेजारी, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. दोन आठवड्यांच्या आत राज्य सरकारला त्याचं परिपत्रक काढावं लागलं. एका गावाची ताकद एवढी असते. तुमच्या गावाची पुढची ग्रामसभा जेव्हा असेल तेव्हा उभं राहा आणि मांडा: आमच्या गावात बाईवरच्या किंवा मुलावरच्या अत्याचाराची बैठक बसणार नाही, जो बसवेल त्याच्याविरुद्ध ग्रामपंचायत स्वतः फिर्याद देईल, आणि पीडितेच्या आईबरोबर ठाण्यात जायला गावातल्या पाच बायकांची नावं आजच लिहून घ्या. त्याच सभेत ग्राम बाल संरक्षण समितीचं इतिवृत्त मागा. शासनानं ती समिती प्रत्येक गावात ठेवली आहे. ती शेवटची कधी बसली, हे ग्रामसेवकानं सगळ्यांसमोर वाचून दाखवावं. आणि उद्याच एखाद्या बंगल्यावरून बोलावणं आलं, तर जाऊ नका. १०९८ वर मुलांसाठी, ११२ वर कोणासाठीही, फोन करा, आणि फोन केल्याची तारीख-वेळ लिहून ठेवा.